तुरटपणाची गोडी

मराठी घरात वाढलेल्या आपल्या पिढीला मद्याच्या बाबतीत एकच शब्द ठाऊक होता : दारू. हातभट्टीची असो, मिलिटरी कँटीनची रम असो, नाहीतर एखाद्या फ्रेंच सरदाराच्या तळघरातली वाइन असो, आईच्या लेखी सगळी दारूच! ती घ्यायची म्हणजे लपून घ्यायची, आणि लपून घ्यायची म्हणजे घटाघट घ्यायची. इकडे अमेरिकेत आल्यावर लपणं संपलं, पण सवय तीच राहिली. अजूनही आपल्या पार्ट्यांत पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये स्कॉच घेऊन बसतात, बायका वर स्वयंपाकघरात गप्पा मारतात, आणि पानं मांडेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजतात. पिण्याचा आणि जेवणाचा संबंध एवढाच, की एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही.

वाइनची रीत नेमकी याच्या उलट. ती जेवणाबरोबर, थोडी थोडी, घरातल्या सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून घ्यायची. आता आपली मुलं मोठी झाली, नोकरीला लागली. थँक्सगिव्हिंगला घरी येताना एखादी बाटली घेऊन येतात. "बाबा, बारोलो आहे हं, चांगली आहे," असं बजावतात. बाबा पहिला घोट घेतात, तोंड वेडंवाकडं करतात आणि म्हणतात, "काय रे हे? हरडा चघळल्यासारखं लागतंय!" मुलगा हिरमुसतो, बाटली बाजूला सरकते आणि स्कॉच बाहेर येते. गंमत अशी, की बाबांचं निदान शंभर टक्के बरोबर असतं. फक्त त्यापुढे काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी एक खुलासा. जे घेत नाहीत त्यांनी सुरुवात करावी, असा प्रचार इथे अजिबात नाही. १९९१ मध्ये अमेरिकन टेलिव्हिजनवर 'फ्रेंच पॅरॅडॉक्स'ची चर्चा झाली आणि रेड वाइन हृदयाला चांगली, असं जो तो सांगू लागला. आपल्यापैकी कित्येकांनी ती औषधासारखी घ्यायला सुरुवात केली. ते आता विसरावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा घ्यायची तर चवीसाठी, आणि चवीपुरतीच. चवीपुरती घेण्यासाठी नेब्बिओलोसारखी दुसरी वाइन नाही, कारण ती घटाघट पिताच येत नाही!

धुक्यातलं द्राक्ष

नेब्बिओलो हे द्राक्षाच्या जातीचं नाव. बारोलो आणि बार्बारेस्को ही गावांची नावं, आणि तिथे होणाऱ्या वाइनचीही. म्हणजे हापूस ही जात आणि देवगड, रत्नागिरी ही गावं, तसंच हे. बाटलीवर 'बारोलो' लिहिलं असेल, तर आत शंभर टक्के नेब्बिओलो असलंच पाहिजे असा कायदा आहे, मग 'नेब्बिओलो' हा शब्द लेबलवर कुठे दिसो वा न दिसो.

हा मुलूख इटलीच्या वायव्येला, पिएमोंते प्रांतात. पिएमोंते म्हणजे पर्वताचा पायथा. एका बाजूला आल्प्स, राजधानी तोरिनो (आपण तिला ट्युरिन म्हणतो), आणि तिच्या दक्षिणेला तानारो नदीकाठी आल्बा नावाचं टुमदार शहर. आल्बाचं नाव तुमच्या नातवंडांना नसेल ठाऊक, पण तिथली एक वस्तू ती रोज पोळीला फासून खातात. नटेला! ते बनवणारी फेरेरो कंपनी १९४६ मध्ये याच गावात सुरू झाली, कारण आसपासच्या टेकड्यांवर हेझलनट भरपूर. आल्बाभोवतीच्या या टेकड्यांना लांगे म्हणतात, आणि त्यांच्या उतारांवर नेब्बिओलोचे मळे आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोनं या सगळ्या द्राक्षभूमीला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणजे धुकं. द्राक्ष काढायच्या वेळी, ऑक्टोबरात, या दऱ्या धुक्यानं भरून जातात, म्हणून नाव नेब्बिओलो, असं बहुतेक सांगतात. पिकलेल्या मण्यावर धुक्यासारखी पांढुरकी लव येते, म्हणून हे नाव, असंही काही जण म्हणतात. नाव जुनं आहे हे मात्र नक्की. तेराव्या शतकातल्या कागदपत्रांत ते सापडतं. ला मोर्रा गावच्या १४३१ च्या नियमांत तर हा वेल तोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे.

हे द्राक्ष मोठं लाडावलेलं. सगळ्यांच्या आधी त्याला कोंब फुटतो, म्हणजे वसंतातल्या थंडीचा तडाखा खायला मोकळं. आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे शरदातल्या पावसात सापडायला मोकळं. त्यामुळे टेकडीवरची सगळ्यात उबदार जागा त्याला द्यावी लागते. अशा दक्षिणेकडे तोंड करून ऊन खाणाऱ्या उताराला तिथल्या बोलीत 'सोरी' म्हणतात. हिवाळ्यात जिथला बर्फ आधी वितळतो, तिथे नेब्बिओलो लावायचं, हा जुन्या शेतकऱ्यांचा आडाखा. आता हवामान तापलंय, काढणी पुष्कळदा सप्टेंबरअखेरीलाच सुरू होते, आणि पूर्वी कोणी विचारत नव्हतं अशा थंड उतारांनाही भाव आलाय.

इतर देशांत त्याची लागवड करून पाहिली गेली. कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात थोडीफार होते. पण कॅबर्नेसारखं ते कुठेही सुखानं नांदत नाही. आपल्या महाराष्ट्रात अकलूजला इटालियन भागीदारांबरोबर काढलेल्या वायनरीत संजोवेजे हे तोस्कानाचं द्राक्ष रुजलं. नेब्बिओलोला मात्र आपल्या टेकड्या सोडून करमत नाही. परदेशात रुजायला आपल्यालाही किती वर्षं लागली, हे आठवलं की त्याचा राग येत नाही.

गरिबीतून वर आलेला मुलूख

आज बारोलोच्या बाटलीची किंमत पाहिली की तिथे पहिल्यापासून सरदार-दरकदारच राहत असावेत, असं वाटतं. सरदार होतेच. एकोणिसाव्या शतकात बारोलोच्या जहागीरदारीणबाई जुलिया फाल्लेत्ती आणि शेजारच्या ग्रिंझाने गावचा मेयर असलेला काउंट कावूर (पुढे हाच अखंड इटलीचा पहिला पंतप्रधान झाला) यांच्या मळ्यांत आजच्यासारखी कोरडी, न गोडसर बारोलो घडत गेली. त्याआधीची नेब्बिओलो गोडसर आणि फसफसणारी असे. अमेरिकेचे थॉमस जेफरसन १७८७ मध्ये तोरिनोला आले होते, तेव्हा त्यांनी ती चाखली आणि तिच्यात गोडी, तुरटपणा आणि फेस हे तिन्ही एकदम असल्याची नोंद करून ठेवली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ओळख सांगायला ही बरी!

पण मळ्यात राबणारा शेतकरी गरीबच होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आपल्या कोकणातला तरुण जसा मुंबईच्या गिरणीत गेला, तसा लांगेतला तरुण तोरिनोला फियाटच्या कारखान्यात नाहीतर आल्बाला फेरेरोकडे गेला. मागे राहिलेल्या शेतकऱ्यांना द्राक्षाचा भाव व्यापारी सांगेल तो. अशा वेळी १९५८ मध्ये बार्बारेस्को गावचे पाद्री पुढे झाले आणि एकोणीस शेतकऱ्यांना एकत्र आणून त्यांनी सहकारी संस्था काढली. १८९४ मध्ये दोमित्सिओ कावात्सा या प्राध्यापकानं अशीच संस्था त्या गावात सुरू केली होती, पण ती फॅसिस्ट राजवटीत बंद पडली होती. तीच परंपरा या पाद्रींनी पुन्हा उभी केली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को' ही संस्था आजही जोरात चालते. तिची वाइन उत्तम आणि भाव त्या मानानं रास्त.

बाप आणि लेक

या टेकड्यांवर पुढे एक भांडण झालं. ते समजून घेतल्याशिवाय ही वाइन समजत नाही.

जुनी पद्धत अशी : द्राक्षाचा रस सालींसकट महिनाभर, कधी त्याहूनही जास्त ठेवायचा. मग हजारो लिटरच्या जुन्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचा. त्यातून निघणारी वाइन इतकी तुरट, की दहा-पंधरा वर्षं थांबल्याशिवाय तिच्या वाटेला जायची सोय नाही. १९७० नंतरच्या तरुणांना हे पटेना. काही जण फ्रान्सला बरगंडीत जाऊन तिथली कामाची पद्धत आणि तिथल्या शेतकऱ्यांची सुबत्ता पाहून आले. साली थोडेच दिवस ठेवायच्या आणि छोट्या नव्या फ्रेंच पिंपात वाइन मुरवायची, म्हणजे ती लवकर मऊ होते, हे त्यांनी तिथे पाहिलं. या छोट्या पिंपाला म्हणतात 'बारीक'. नाव आपल्या कानाला मोठं गमतीचं, आणि मोठ्या पिंपाशेजारी ते दिसतंही बारीकच!

ला मोर्राच्या एलिओ आल्तारेनं १९८३ मध्ये साखळी करवत घेऊन वडिलांच्या तळघरातली जुनी पिंपंच कापून काढली. वडिलांच्या दृष्टीनं हे आईबापाला घराबाहेर काढण्यासारखं. त्यांनी मुलाला वारसाहक्कातून वगळलं. बार्बारेस्कोच्या आंजेलो गायाचं प्रकरण त्या मानानं सौम्य. त्यानं १९७८ मध्ये एका चांगल्या जागेतलं नेब्बिओलो काढून तिथे फ्रेंच कॅबर्ने लावलं. त्या मळ्यावरून जाताना वडील म्हणायचे, "दारमाजी!" तिथल्या बोलीत याचा अर्थ, "अरेरे, काय हे!" मुलानं त्या वाइनला तेच नाव दिलं. आजही बाटलीवर ते छापलेलं असतं.

दुसऱ्या बाजूला बारोलो गावचा बार्तोलो मास्कारेल्लो. शेवटपर्यंत मोठी पिंपं सोडली नाहीत. स्वतःच्या हातानं लेबलं रंगवायचा, आणि त्यावर 'बारीक' पिंपांचा आणि बर्लुस्कोनीचा एकाच दमात निषेध करायचा. तो २००५ मध्ये गेला. मुलगी त्याच पद्धतीनं वाइन करते.

कोण जिंकलं? दोघंही. नव्या मंडळींनी तळघरं स्वच्छ केली, वेलीवरचे जास्तीचे घड उतरवून फळ सुधारलं. जगभर नाव झालं ते पुष्कळसं त्यांच्यामुळे. पण नव्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास द्राक्षाच्या मूळ वासाला झाकून टाकतो, हेही हळूहळू लक्षात आलं. त्यामुळे पुढच्या पिढीतले बरेच जण मोठ्या पिंपांकडे परतले. आजोबांची पिंपं, बापाची स्वच्छता! घर सोडून इतक्या लांब आलेल्या आपल्याला आणि आपल्या मुलांना या गोष्टीत ओळखीचं काही सापडलं, तर नवल नाही.

तुरट म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्याकडे. द्राक्षाच्या साली आणि बियांत टॅनिन असतं. आपल्या लाळेतल्या प्रथिनांशी त्याची गाठ पडली, की तोंडातला ओलसरपणा जातो, जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात. नेब्बिओलोत हे टॅनिन भरपूर, आणि जोडीला आंबटपणाही भरपूर.

इंग्रजीत हे समजावून सांगताना लोकांची तारांबळ उडते, कारण त्यांच्या शाळेतल्या चवींच्या यादीत ही चव नाहीच. आपल्या षड्रसांत ती आहे. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. कषाय म्हणजे तुरट. आवळा, जांभूळ, सुपारी, कात, कच्चं केळं, डाळिंबाची साल. लहानपणापासून ही चव आपल्या जिभेवर आहे. जांभळं खाऊन जीभ जांभळी आणि जड झाली, म्हणून जांभूळ वाईट, असं आपण कधी म्हटलं का? उलट मीठ लावून आणखी चार खाल्ली.

आणि दुधाचा चहा कशासाठी? काळा चहा जास्त उकळला की तुरट होतो. दूध घातलं की दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात आणि चहा मवाळ होतो. वाइनच्या बाबतीत दुधाचं काम जेवण करतं. म्हणून नुसती बारोलो पिऊन तिला नावं ठेवणं म्हणजे कोरा कडक चहा पिऊन आसामला नावं ठेवण्यासारखं आहे.

चाखायची कशी?

आमच्या गावात आम्ही पाच कुटुंबं दर तीन महिन्यांनी जमतो. आमची पद्धत साधी आहे, कोणालाही करता येईल.

बाटली खोलीच्या उबेत ठेवू नये. अमेरिकन घरं हिवाळ्यातही उबदार असतात, आणि या वाइनला सोळा ते अठरा अंश सेल्सियस मानवतात. म्हणून वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. वाइन तरुण असेल, तर जेवणाच्या दोन-तीन तास आधी बूच काढून ती काचेच्या रुंद जगात ओतून ठेवावी. हवा लागली की ती मोकळी होते. जुनी, वीस-पंचवीस वर्षांची असेल, तर आदल्या दिवशी उभी करून ठेवावी म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग अलगद ओतावी. जुन्या वाइनला फार हवा लावू नये.

ग्लास मोठा, पण वाइन त्यात तळाशी, दोन बोटं. प्रत्येकाला साठ मिलिलिटर म्हटलं तरी एका बाटलीत बारा जणांची चव होते. हिच्यात अल्कोहोल साधारण चौदा टक्के असतं, हे गाडी चालवणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

प्रथम रंग पाहावा. नेब्बिओलो दिसायला फिकी असते. "पाणी घातलंय की काय!" असं नवखा हमखास म्हणतो. रंगावर जाऊ नये. तरुण वाइन माणकासारखी, आणि जुनी होत जाते तशी कडेनं विटकरी, नारिंगी.

मग वास. या वाइनच्या वर्णनात जगभर दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात, गुलाब आणि डांबर. ऐकायला विचित्र, पण आहे खरं. त्याखेरीज आंबट चेरी, ज्येष्ठमध, वाळलेली पानं, चामडं. आमच्यातल्या एका काकूंच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्या घेत नाहीत. त्यांनी नुसता ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "गुलकंद आणि कात. पानाच्या डब्याचा वास आहे हा." सगळे पुन्हा वास घ्यायला लागले, आणि तोच वास सगळ्यांना आला! ज्या बाईनं साठ वर्षं नुसत्या वासावरून मसाला भाजला गेलाय की नाही ते ओळखलं, तिच्या नाकाला कसलं प्रशिक्षण हवंय? तेव्हा न घेणाऱ्यांनाही टेबलाशी बोलवावं. वास फुकट असतो, आणि बाधतही नाही.

शेवटी चव. पहिला घोट लहान. तोंड कोरडं पडेल, मग आंबटपणामुळे पाणी सुटेल. मत देऊ नये. काहीतरी खावं, आणि मग दुसरा घोट. तासाभरानं तिसरा. तीच वाइन दर वेळी वेगळी लागते की नाही, ते पाहावं. खरी मजा तिथेच आहे.

आपल्या जेवणाबरोबर?

तिकडची माणसं हिच्याबरोबर मांसाचे सावकाश शिजवलेले प्रकार, लोणी घातलेली बारीक शेवयांसारखी 'तायारीन' आणि त्यावर शरदात आल्बाची पांढरी ट्रफल किसून खातात. शाकाहारी मंडळींनी हिरमुसू नये. पिएमोंतेतच वेर्चेल्ली आणि नोव्हारा इथे भाताची अफाट शेती आहे, आणि तिथला रिझोत्तो म्हणजे लोणी-चीज घातलेला आसट भातच. मश्रूमचा रिझोत्तो आणि नेब्बिओलो ही जोडी झकास. तेच तत्त्व पुढे नेलं, तर मऊ मुगाच्या खिचडीवर सढळ हातानं तूप आणि वर किसलेलं जुनं पार्मेजान. हसू नका, करून बघा!

मटण चालतं, पण तिखट निम्म्यावर आणावं. मिरचीचा आणि टॅनिनचा छत्तीसचा आकडा. मिरची जीभ भाजते आणि वाइन तो जाळ वाढवते. कोल्हापुरी तांबड्या रश्शाबरोबर बारोलो उघडणं म्हणजे दोघांचाही अपमान. मासेही नकोत. सुरमई-बांगड्याबरोबर तोंडात लोखंडी चव येते. चीज, भाजलेले हेझलनट, भाजलेली वांगी, मश्रूम यांच्याशी तिचं छान जमतं.

काय घ्यावं?

एकदम बारोलोवर उडी मारू नये. सुरुवात 'लांगे नेब्बिओलो'नं करावी. त्याच टेकड्यांवरची, कमी मुरवलेली, लवकर पिण्याजोगी. अमेरिकेत वीस ते तीस डॉलरच्या आसपास मिळते. त्यानंतर उत्तर पिएमोंतेची गात्तिनारा, किंवा स्विस सरहद्दीजवळच्या वाल्तेल्लीना खोऱ्यातली. तिथे या द्राक्षाला क्यावेन्नास्का म्हणतात, आणि डोंगरउतारावर दगडी बांध घालून ते लावतात. मग बार्बारेस्को, ती विकण्याआधी किमान २६ महिने मुरवावी लागते. सर्वांत शेवटी बारोलो, किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडी पिंपात. बारोलोतही ला मोर्राकडची त्या मानानं मृदू आणि सुगंधी, तर सेर्रालुंगा आणि मोंफोर्तेकडची करारी. दुकानदाराला गावाचं नाव विचारलंत, की तोही तुमच्याकडे जरा आदरानं पाहतो.

एक शेवटची सूचना. आपल्याकडे बाळ जन्मलं, की सोन्याचं वळं घ्यायची पद्धत आहे. त्याच्याबरोबर त्या सालची एक बारोलो घेऊन ठेवा. ती चार वर्षांनी बाजारात येईल, तेव्हा घ्यायची. अंधारात, गारव्यात, आडवी ठेवायची. शेगडीवरच्या कपाटात नव्हे. २०१६ हे तिथलं नावाजलेलं साल. त्या वर्षी जन्मलेलं नातवंड अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे २०३७ मध्ये एकवीस वर्षांचं होईल, आणि वाइन तेव्हा ऐन बहरात असेल. बाटलीला चिठ्ठी बांधून त्यावर मुलाचं नाव आणि उघडायचं साल लिहून ठेवावं. मराठीत लिहावं. एकवीस वर्षांत ते त्याला वाचता यावं, एवढं काम मात्र वाइन करणार नाही, ते आपल्यालाच करावं लागेल.